तीनशे रुपयांचा जीव

"अगं, तीनशे रुपयांच्या उंदरासाठी बाराशे रुपयांचा डॉक्टर? वेड लागलंय का तुला?"

गेल्या तीन महिन्यांत हा प्रश्न मला झाडून सगळ्यांनी विचारून झालाय. टीम लीडने विचारला, कॅन्टीनमध्ये समोर बसणाऱ्यांनी विचारला, आईने तर फोनवर दोनदा. (पहिली गोष्ट म्हणजे तो उंदीर नाही, हॅमस्टर आहे. पण हे सांगून आईवर काही परिणाम होत नाही. तिच्या मते शेपूट आखूड असली म्हणून उंदराचा ससा होत नाही!) प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा म्हटलं, एकदाच सविस्तर लिहून टाकू. रिलीज काल पार पडलाय, वीकेंड मोकळा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाला वाढदिवसाला हॅमस्टर भेट मिळाली. पहिला महिना कौतुकाचा. मग परीक्षा आल्या, क्लास आले, पिंजऱ्याला वास येतो म्हणून तो हॉलमधून बाल्कनीत गेला आणि शेवटी वॉशिंग मशीनच्या मागे. तिथं कोणी तिला मारलं नाही, छळलं नाही. नुसतं विसरले. शेवटी त्या मुलाच्या आजींनीच मला लिफ्टमध्ये विचारलं, "तू नेतेस का गं हिला? काही खात नाही, नुसती पडून असते." मी घेऊन आले. नाव ठेवलं चिंगी.

आणली तेव्हा चिंगीचं वजन होतं ७८ ग्रॅम. पूर्ण वाढ झालेला सीरियन हॅमस्टर साधारण १०० ते १५० ग्रॅमचा असतो. पाठीवर दोन ठिकाणी केस गेलेले, नखं वाढून वळलेली आणि पुढचे दात इतके लांब की तिला बी फोडताच येत नव्हती. हॅमस्टरचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. कुरतडून कुरतडून ते झिजवायचे असतात, आणि त्या प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात कुरतडायला काही नव्हतंच. समोर वाटीभर दाणे आणि प्राणी उपाशी, असा सगळा प्रकार.

पण मला सगळ्यात जास्त लागली ती पाण्याची बाटली. ती भरलेली होती! त्या घरातले लोक खोटं बोलत नव्हते, "पाणी तर कायम असतं" हे शब्दशः खरं होतं. झालं होतं असं की बाटलीच्या नळीच्या तोंडाशी जी छोटी गोळी असते, ती आपल्याकडच्या जड पाण्याच्या क्षारांनी अडकून बसली होती. थेंब येत नव्हता. काकडीच्या सालीबिलीवर बिचारी कशीबशी तगली होती. आमच्या धंद्यात हे फार ओळखीचं आहे. डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार, सर्व्हर अप, आणि युजरला मात्र पान उघडत नाही. बाटली भरलेली आहे का हे बघून चालत नाही, ती रिकामी होतेय का हे बघावं लागतं.

असो. पुढे काय केलं ते थोडक्यात सांगते, कारण 'रेस्क्यू' म्हटलं की लोकांना काहीतरी शौर्यकथा वाटते. प्रत्यक्षात हे काम भयंकर कंटाळवाणं आहे.

पहिलं काम डॉक्टर. कुत्र्यामांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, पण इतका छोटा प्राणी हाताळणारे कमी. चार फोन केल्यावर एक सापडले. त्यांनी दात कापले, नखं कापली, त्वचेवरच्या माइट्ससाठी वजनानुसार मोजून औषध दिलं. आणि एक गोष्ट बजावून सांगितली, ती तुम्हालाही सांगते: घरात उरलेली अँटिबायोटिक्स अशा प्राण्याला कधीही देऊ नका. पेनिसिलिनच्या जातीची औषधं, म्हणजे आपण सर्रास घेतो ते अमॉक्सिसिलिनसुद्धा, तोंडावाटे दिली तर हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि त्यातून प्राणीही दगावू शकतो. 'थोडंसं दिलं तर काय होतंय' इथं चालत नाही.

दुसरं काम खाणं. उपाशी प्राणी दिसला की आपल्या हाताला लगेच भरभरून वाढायची खाज सुटते. सूर्यफुलाच्या बिया तर चिंगीने आनंदाने गालात कोंबल्या असत्या, पण त्या नुसत्या तेलकट. म्हणून आधी पाणी, ड्रॉपरने आणि काकडीच्या फोडींतून. मग भिजवलेले ओट्स, उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा, थोडी मऊ शिजवलेली डाळ (बिनमिठाची, बिनफोडणीची). दात नीट चालायला लागल्यावर धान्य आणि कुरतडायला लाकूड.

तिसरं, जागा. मोठा खोका, त्यात वीतभर खोल साध्या टिश्यू पेपरच्या पट्ट्या. हा बीळ खणणारा प्राणी आहे, खणायला नसेल तर वेडापिसा होतो. घर म्हणून कड फुटलेली मातीची कुंडी उलटी ठेवली. उन्हाळ्यात ती गार राहते. शेजारी एक उरलेली फरशी, पोट टेकायला. एप्रिलमधलं पुणं हॅमस्टरसाठी बनलेलं नाही, तिशीच्या पुढचं तापमान त्यांना झेपत नाही. आंघोळ पाण्याने अजिबात नाही. एका वाडग्यात बारीक कोरडी वाळू ठेवली की ती स्वतःच लोळून साफ होते.

आणि चौथं, रोज रात्री नऊ वाजता स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन. (आईला कृपया कोणी सांगू नका. वेगळा वाडगा वापरते!) एक्सेल शीट केली. ७८, ७९, ८१... मग ८४ वर सलग सहा दिवस गाडी अडकली. हे सहा दिवस फार वाईट गेले. डोळ्यांना काहीच फरक दिसत नव्हता. सातव्या दिवशी ८६. नवव्या आठवड्यात ११६. आता पाठीवर केस आलेत, चाकावर रात्रभर धावते आणि मला झोपू देत नाही.

बस्, एवढंच. रोजची पंधरा-वीस मिनिटं. कुठलंही शौर्य नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. तीनशेच्या प्राण्यावर बाराशे कशाला?

एक तर तीनशे ही त्या जिवाची किंमत नाही, तो तयार करायला येणारा खर्च आहे. हॅमस्टरचा गर्भकाळ सोळा दिवसांचा असतो, म्हणून तो स्वस्त. १९३० साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी सीरियातल्या अलेप्पोजवळच्या शेतात खणून एक मादी आणि तिची पिल्लं मिळवली. काळा आजारासारख्या रोगांच्या संशोधनासाठी प्रयोगशाळेला हा प्राणी हवा होता. त्यातली मोजकीच जगली, आणि आज जगभर पाळले जाणारे सीरियन हॅमस्टर जवळजवळ सगळे त्यांचेच वंशज. तिकडच्या शेतांत मूळचा रानटी हॅमस्टर आता संकटग्रस्त आहे, आणि इकडे दुकानात तो भाजीच्या भावात मिळतो! भाव हा आकडा जिवाबद्दल काहीच सांगत नाही, हे यावरूनच कळावं.

दुसरा आक्षेप: "जगणार दोन वर्षं, त्यासाठी एवढा आटापिटा?" इथे मला साधं त्रैराशिक मांडावंसं वाटतं. चोवीस महिन्यांच्या आयुष्यातले दोन महिने तहानेने आणि भुकेने पडून काढणं म्हणजे आयुष्याचा बारावा हिस्सा. बहात्तर वर्षं जगणाऱ्या माणसाच्या हिशेबात ती सहा वर्षं झाली. आयुष्य छोटं म्हणून त्रास छोटा होत नाही, उलट तो आयुष्यातला जास्त भाग खातो. म्हणजे छोट्या आयुष्याच्या प्राण्याला मदत लवकर हवी, कमी नव्हे.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार: माणसं उपाशी असताना हे लाड? या प्रश्नाची थट्टा मी करणार नाही. पण खरं सांगा, ते बाराशे रुपये कुठे जाणार होते? माझे तरी पिझ्झा आणि मल्टिप्लेक्समध्ये गेले असते. पिझ्झ्याच्या वेळी हा प्रश्न मला कोणीच विचारत नाही. आणि माया म्हणजे काही रॅम नव्हे, की एकाला दिली म्हणजे दुसऱ्याला कमी पडली.

मात्र प्रत्येक प्राणी वाचवलाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. डॉक्टर म्हणाले असते की हिला वेदनाच उरल्यात, तर शांत मरण देणंही मी जबाबदारीच मानलं असतं. वॉशिंग मशीनच्या मागे ठेवून 'बघू' म्हणत राहणं, हा मात्र पर्यायच नाही.

माझा खरा राग त्या 'लो मेंटेनन्स' शब्दावर आहे. दुकानदार तो म्हणतो, आपण ऐकतो आणि आठ वर्षांच्या मुलाच्या हातात जिवंत प्राणी खेळण्यासारखा देतो. हॅमस्टर निशाचर आहे, एकटा राहणारा आहे, दिवसा झोपेतून उठवलं तर चावतो. लहान मुलासाठी याहून गैरसोयीचा सवंगडी शोधून सापडणार नाही! कायदा आहे म्हणाल, तर प्राण्यांना पुरेसं अन्नपाणी न देणं १९६० च्या कायद्यानेच गुन्हा ठरवलं. पण त्यात पहिल्या गुन्ह्याला लिहिलेला दंड होता १० ते ५० रुपये. २०१८ साली पेट शॉपसाठी नियम आले, दुकानाची नोंदणी सक्तीची झाली. तेही चांगलंच. पण विकल्यानंतर बाल्कनीत काय होतं ते बघायला कुठलाही इन्स्पेक्टर येणार नाही. तिथे शेजारीच यायला हवा.

म्हणून एक विनंती. मुलाला प्राणी हवाच असेल तर आधी स्वतःला विचारा, कंटाळा आल्यानंतर रोज रात्री पंधरा मिनिटं कोण देणार? नाव ठरत नसेल तर आणू नका. आणि तुमच्या सोसायटीत कुणाच्या बाल्कनीत असा एखादा पिंजरा असेल, तर भांडायला जाऊ नका. चहाला जा. आणि जाता जाता त्या बाटलीच्या नळीला बोट लावून बघा, थेंब येतोय का ते.