निदानाचे पैसे आधी द्या, गिअरबॉक्सचे नंतर

तुमच्याकडे पंधरा-वीस वर्षांची दणकट गाडी असेल, एखादा पिकअप किंवा लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ सारखं धूड, आणि ती ऑटोमॅटिक असेल, तर कधी ना कधी तुम्हाला "गिअरबॉक्स गेला" हे ऐकावं लागणार. ब्रिटनमधल्या वार्षिक एमओटी चाचणीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची अवस्था तपासतच नाहीत. त्यामुळे पहिली सूचना मिळते तीच गाडी झटके द्यायला लागल्यावर, आणि मग हजारो पौंडांचा आकडा ऐकून मालक गाडी भंगारात काढायचा विचार करतो.

माझं मत स्पष्ट आहे. "गिअरबॉक्स गेला" हे निदान नव्हे, हा अंदाज आहे. निदान करता येतं, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उघडण्याच्या आधी बरंच काही हाती लागतं.

डिस्कव्हरी ३ चंच उदाहरण घेऊ. तिच्यातला सहा गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा, ६एचपी२६. त्यात तीन क्लच आणि दोन ब्रेक अशा पाच पकडी असतात. त्यांना ए, बी, ई आणि सी, डी अशी नावं आहेत. कुठलाही गिअर म्हणजे यातल्या नेमक्या दोन पकडी आवळलेल्या. पहिला गिअर ए-डी, दुसरा ए-सी, तिसरा ए-बी, चौथा ए-ई, पाचवा बी-ई, सहावा सी-ई आणि रिव्हर्स बी-डी.

आता हे कोडं सोडवा. गाडी पहिल्या चारही गिअरमध्ये घसरते, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही. पाचव्या-सहाव्यात आणि रिव्हर्समध्ये मात्र ठणठणीत. समान दुवा कुठला? ए. म्हणजे ए क्लच, किंवा त्याच्याकडे तेलाचा दाब पाठवणारा व्हॉल्व्ह. तक्रार तिसऱ्या, पाचव्या आणि रिव्हर्समध्ये असेल तर संशयित बी. आणि सगळ्याच गिअरमध्ये घसरत असेल तर पाचही पकडी एकाच दिवशी झिजल्या असं मानण्याआधी जे सगळ्यांना सामायिक आहे ते बघा: तेलाची पातळी, फिल्टर, पंप. एक पैसा खर्च न करता, निव्वळ कुठल्या गिअरमध्ये काय होतं हे कागदावर लिहून तुम्ही इथवर पोचता.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे एकसारख्या वेगाने जाताना येणारी थरथर, खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी. ही इंजिनाची असू शकते, किंवा टॉर्क कन्व्हर्टरमधल्या लॉक-अप क्लचची. मागे कोणी नाही हे पाहून, वेग तोच ठेवत ब्रेकला हलकेच स्पर्श करा. बऱ्याच गाड्यांमध्ये तेवढ्याने लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर बोट लॉक-अपकडे वळतं, तशीच राहिली तर इंजिनाकडे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला जुना नियम.

स्कॅनरवर पी०७०० हा कोड दिसला म्हणून घाबरू नका. त्याचा अर्थ इतकाच की गिअरबॉक्सच्या संगणकाची काहीतरी तक्रार आहे. खरी तक्रार त्याच संगणकात वेगळ्या कोडने नोंदलेली असते. ती वाचायला हवी. बॅटरी कमजोर असली तरी हा संगणक बावचळतो. तेव्हा आधी व्होल्टेज मोजा. नाहीतर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तेलाचं तर वेगळंच प्रकरण. या बॉक्सला तेल मोजायची पट्टीच नाही. इंजिन चालू ठेवून, तेल ठरलेल्या तापमानाला असताना, बाजूचं बूच उघडून पातळी पाहावी लागते. तेल तापलं की फुगतं, म्हणून तापमान चुकलं की पातळीही चुकते. विजेच्या जोडणीपाशी असलेल्या बाहीच्या रबरी कड्या म्हाताऱ्या झाल्या की तिथून तेल झिरपतं, आणि हा भाग गिअरबॉक्सच्या तुलनेत अगदी स्वस्त आहे. अनेक मोटार कंपन्यांनी ऑटोमॅटिकचं तेल "जन्मभर पुरेल" असं सांगितलं, पण खुद्द झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते.

"जुन्या बॉक्सचं तेल बदललं की तो मरतो" हेही तुम्ही ऐकलं असेल. विचार करा, लोक तेल बदलायला जातात कधी? बॉक्स घसरायला लागल्यावर. मग तो महिन्याभरात बसला की दोष नव्या तेलाला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

मेकॅनिक लबाड असतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. दोन तास मोजमाप करून "बाही बदला, तेल भरा" सांगणाऱ्याला आपण दोन तासांची मजुरी द्यायला कुरकुरतो. नवा बॉक्स बसवणाऱ्याला मात्र निमूटपणे हजारो देतो. मग तो कशाला मोजत बसेल? सुटे भाग विकत घ्यायची आपली तयारी असते, विचार विकत घ्यायची नसते. वाईट निदानाला आपणच उत्तेजन देतो.

कधी बॉक्स खरंच गेलेला असतो. तेल काळं, जळकट वासाचं, तळाशी धातूचा कीस: मग वाद नाही. लंडनमध्ये हिशेबही वेगळा आहे. ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ शहराच्या सगळ्या बरोंमध्ये लागू आहे, आणि युरो ६ न पाळणाऱ्या डिझेल गाडीला तिथे चालवल्याच्या प्रत्येक दिवशी साडेबारा पौंड पडतात. तिथे गाडी सोडून देणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण तो निर्णय पुराव्यावर घ्या.

म्हणून पुढच्या वेळी गॅरेजमध्ये तीनच प्रश्न विचारा. कुठल्या तापमानाला पातळी पाहिली? गिअरबॉक्सच्या संगणकात कुठले कोड होते? कुठल्या गिअरमध्ये घसरते आणि कुठल्यात नाही? उत्तरं मिळाली तर त्या माणसाचा वेळ मोजून त्याचे पैसे द्या, खळखळ न करता. मिळाली नाहीत, तर गाडीची किल्ली परत मागा.