घाट रंगवा, जलपर्णीसकट

चिंचवडला कॉलेजात असाल, तर फोनमध्ये मोरया गोसावी समाधी मंदिराचा एखादा तरी फोटो असेलच. कळस, आकाश आणि तुम्ही. पवना त्यात सहसा नसते. कारण जलपर्णी फ्रेममध्ये आली की आपण ती सरळ क्रॉप करतो.

या रविवारी घाटावर जाताना जलरंगांची छोटी पेटी, एक ब्रश आणि पाण्याची बाटली न्या. चित्रकला येत नाही? हरकत नाही. पट्टीने आखलेलं ड्रॉइंग इथे नकोच. कळस, भिंत, पायऱ्या यांच्या ढोबळ रेषा मारा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळलं की काळ्या दगडाचा राखाडी रंग मिळतो. पायऱ्यांवरच्या उन्हासाठी कागद कोराच सोडा. ओल्या कागदावर रंग टाकलात की प्रतिबिंब आपोआप पसरतं.

अशा सैल चित्रात प्रत्येक दगड कोणी काढत नाही, बरंच काही गाळावं लागतं. पण काय गाळायचं ते प्रामाणिकपणे ठरवा. पाण्यावर जलपर्णी असेल तर ती रंगवा. सांडपाण्याचा काळा पट्टा दिसला तर तोही. पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढला की पवनेचं पाणी मंदिरात शिरतं. ते ओसरल्यावर दगडावर गाळाची रेघ राहिली असेल, तर तीसुद्धा.

हा तर छंद झाला, त्यावर अग्रलेख कशाला, असं वाटेल. हे मंदिर सतराव्या शतकातलं, एमआयडीसीच्या सुमारे तीनशे वर्षं आधीचं. आता महापालिकेने पवना आणि इंद्रायणीसाठी नदी सुधार प्रकल्प आखलेत, म्हणजे काठाचं रूप बदलणार. अशा कामांवर सूचना-हरकती द्यायची वेळ येते, तेव्हा पायऱ्या कुठवर उतरतात, पाणी कुठे तुंबतं, सावली कुठल्या झाडाची पडते, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? अर्धा तास एका जागी बसून चित्र काढणारा नक्की सांगेल. सेल्फी काढून निघालेल्याला ते जमणार नाही.

चित्र बिघडलं तरी चालेल, खाली तारीख मात्र लिहा. पावसाळा संपला की त्याच जागी बसून दुसरं काढा. दोन्ही कागद शेजारी ठेवलेत की आपल्या नदीचं काय चाललंय, ते कुणी वेगळं सांगायला नको.