पहिला टप्पा छोटाच ठेवा

बायॉस डिस्कचा पहिला सेक्टर ७सी०० या पत्त्यावर आणून ठेवतो आणि शेवटी ५५, एए हे दोन बाइट दिसले की तिथे उडी मारतो. हातात ५१२ बाइट येतात. पार्टिशन टेबल ठेवायचे तर कोडला ४४६ उरतात. एवढ्यात फाइल सिस्टीम, ए२० लाइन, प्रोटेक्टेड मोड असे सगळे कोंबण्याचा मोह छंद म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणाऱ्या अनेकांना होतो. जमतेही. पण मग काही बिघडले, तर पडद्यावर एक अक्षर छापायलाही जागा राहत नाही.

आमचे मत असे, की बूटलोडरच्या पहिल्या टप्प्याने फक्त दुसऱ्याला आणावे, पण चोख आणावे. काही बायॉस ००००:७सी०० असे येतात, काही ०७सी०:०००० असे. पत्ता एकच, सीएस मात्र वेगळा. म्हणून आधी फार जंप करून तो पक्का करा. डीएस, ईएस शून्य करा, स्टॅक ७सी००च्या खाली बसवा. डीएलमधला ड्राइव्ह क्रमांक जपा. तिथे स्वतःच ८० लिहून ठेवले, तर क्यूएमूत चालते आणि दुसऱ्या डिस्कवरून बूट करताना फसते. प्रत्येक वाचनानंतर कॅरी फ्लॅग बघाच.

खरे डिझाइन दुसऱ्या टप्प्यात आहे. प्रोटेक्टेड मोडमध्ये गेल्यावर बायॉसचे इंटरप्ट सरळ वापरता येत नाहीत, तेव्हा जे विचारायचे ते आधीच विचारून घ्या. त्यात सर्वांत मोलाचा ई८२०चा मेमरी मॅप. त्यातल्या नोंदी क्रमाने असतीलच असे नाही, एकमेकींवर चढलेल्याही असतात. त्या निस्तरूनच कर्नलकडे द्या. कर्नलला काय, कुठे आणि कोणत्या रचनेत मिळेल, हे कोड लिहिण्याआधी कागदावर उतरवा. मल्टिबूटने हेच केले आहे: ईएएक्समध्ये २बीएडीबी००२ ही खूण, ईबीएक्समध्ये माहितीचा पत्ता.

यूईएफआय आल्यावर ही शिस्त कालबाह्य झाली, असे मानू नका. तिथे फर्मवेअर तुमची फाइल थेट फॅट पार्टिशनवरून उचलते, ५१२ बाइटांची अडचण उरत नाही. पण बूट सर्व्हिसेस बंद करताना ताज्या मेमरी मॅपची की द्यावी लागते. मॅप घेतल्यावर मध्येच थोडी मेमरी मागितली, तर की शिळी होते, कॉल नाकारला जातो आणि मॅप पुन्हा घ्यावा लागतो.