चार मार्क कुठे गेले?

16 नोव्हेंबर 2013 रोजी सचिन तेंडुलकरने वानखेडेवर निरोपाचं भाषण केलं. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांचे आभार मानताना तो म्हणाला, एकोणतीस वर्षांत सरांनी आपल्याला एकदाही ‘छान खेळलास’ म्हटलं नाही. पोरगा सुस्तावेल अशी त्यांना धास्ती. आता पुढे सामनेच नाहीत, तेव्हा म्हणायला हरकत नाही. दादरमधल्या कित्येक घरांनी यातून सोयीचा धडा घेतला: कौतुक केलं की पोर शेफारतं!

त्याच भाषणात, सरांच्या आधी, वडील येऊन गेले होते. कीर्ती कॉलेजात मराठी शिकवणारे कवी रमेश तेंडुलकर. अकराव्या वर्षी त्यांनी मुलाला मोकळीक दिली. स्वप्नामागे जा, फक्त आडवाटा शोधू नकोस, एवढंच बजावलं. दमून आलेल्या पोराला भरवणारी काकूही त्या भाषणात होती. मैदानावर शाबासकी नव्हती, पण घरी कुणी धावफलक घेऊन बसलं नव्हतं. आपण सर उचलले आणि वडील तिथेच सोडले.

दादर स्टेशनबाहेर क्लासांच्या फलकांवर टॉपर मुलं हसताहेत. त्यांच्याखालून घरी आलेल्या शहाण्णव टक्केवाल्या मुलीला ‘चार कुठे गेले?’ विचारणारी आई दुष्ट नसते, तिच्यामागे एक जुनी भीती असते. लालबाग-परळच्या कित्येक घरांत 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणीतला पगार परत आलाच नाही. अडीच लाख कामगारांचा तो संप पाहिलेल्या घरांना पटलं की हातातलं काम जाऊ शकतं, शिक्षण कुणी काढून घेत नाही. वरळीच्या ‘अभ्यास गल्ली’त रस्त्याच्या दिव्याखाली बसणाऱ्या चाळीतल्या मुलांची जिद्द याच जातकुळीची. (चाळीचे गोडवे मात्र गाणार नाही, नापास झालेल्याचं नाव तिथे चारही मजल्यांना कळायचं.) काम जाण्याची ती भीती खोटी नव्हती. पण आज ती मुलांकडे पोचते ती तिच्या गोष्टीशिवाय. मुलीच्या वाट्याला संप येत नाही, फक्त चार मार्क येतात.

थॉमस करन आणि अँड्र्यू हिल या संशोधकांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या 41 हजारांहून अधिक कॉलेज विद्यार्थ्यांची 1989 ते 2016 या काळातली, अचूकतेच्या हट्टाविषयीची उत्तरं तपासली. सर्वाधिक वाढ दिसली ती ‘मी अचूकच असावं, अशी इतरांची अपेक्षा आहे’ या भावनेत. मुलं परदेशातली, पण ओळखीची वाटतात. स्वतः ठरवलेल्या रेषेला पोचलं की मूल घडीभर टेकतं. दुसऱ्याने आखलेली रेषा पुढे सरकत राहते, त्यामुळे चांगल्या निकालाचाही आनंद संध्याकाळपर्यंत टिकत नाही. मग पेपरच्या सकाळी पोटात कळ येते. घरात त्याला नाटक म्हणतात. प्रकल्पाची वही आठवडाभर कोरी राहते, कारण पहिलं पान बिघडलं तर काय. त्याला आळस म्हणतात. रात्री दोनपर्यंत जागणं मात्र मेहनत ठरतं, म्हणून तिकडे कुणी लक्षच देत नाही. काळजी करणारं मूल अनेकदा वर्गातलं सर्वांत गुणी मूल असतं, हीच यातली अडचण.

पोटदुखी, जागरणं, रडू आठवडेच्या आठवडे चाललं तर केईएमसारख्या रुग्णालयातला मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं. मुलांनी बोलावं आणि पालकांनीही.

यंदाच्या दिवाळी अंकात कुमारवयीनांचं लेखन आहे, पण याच विचाराने आम्ही स्पर्धा ठेवली नाही. क्रमांक नाहीत, परीक्षक नाहीत. अर्धवट राहिलेल्या दोन कथा अर्धवटच छापल्या आहेत. अंकाची घोषणा वाचून एका पालकांचा फोन आला. कल्पना फार आवडली म्हणाले, आणि मग, जरा आवाज खाली आणून, ‘पण सर्टिफिकेट तरी मिळेल ना?’



— संपादक