काखेतला भाता

पुण्यात वसतिगृहात राहत होतो तेव्हा आमच्या मजल्यावर एकाच मुलाकडे टेपरेकॉर्डर होता आणि तो मुलगा डायर स्ट्रेट्स या रॉक बँडचा भक्त होता. त्यातल्या मार्क नॉफ्लरची गिटार ऐकत आमची तीन वर्षं गेली. एकदा त्यानं फुटपाथवरच्या जुन्या कॅसेटच्या ढिगातून ‘कॅल’ नावाची कॅसेट शोधून आणली. वर नॉफ्लरचं नाव होतं, म्हणून आम्ही सगळे त्याच्या खोलीत जमलो. गिटार होतीच. पण थोड्या वेळानं तिच्या मागून एक निराळाच आवाज उठला. सनईच्या जातीचा, पण सनईची धार नसलेला. पेटीसारखा भरदार, पण पेटीतून जन्मात निघणार नाही अशी मींड घेणारा. कुणी म्हणालं क्लॅरिनेट, कुणी म्हणालं सनईच. मी आजोबांच्या भजनात पेटीला भाता घालत मोठा झालेला. मला एवढंच जाणवलं, की हा वाजवणारा श्वासासाठी कुठेच थांबत नाही. म्हणजे हवा तोंडाची नाही, कुठेतरी भाता आहे.

कॅसेटच्या कागदावर बारीक अक्षरांत नाव सापडलं, लियम ओफ्लिन. आणि वाद्य, इलन पाइप्स. ‘इलन’ हा आयरिश भाषेतला कोपरासाठीचा शब्द. भाता होता, तो उजव्या कोपराखाली होता.

हे वाद्य बसूनच वाजवतात. कमरेला आणि दंडाला बांधलेला छोटा भाता उजव्या कोपरानं दाबायचा, त्याची हवा डाव्या काखेतल्या चामड्याच्या पिशवीत भरायची आणि डाव्या कोपरानं ती पिशवी सारख्या दाबानं दाबून ठेवायची. तिथून हवा पाव्यासारख्या नळीत जाते. ती नळी म्हणजे चँटर, चाल त्यावर वाजते. मांडीवर आडव्या टेकलेल्या तीन नळ्या एकच स्वर धरून राहतात. आणखी तीन नळ्यांच्या पट्ट्या मनगटाच्या कडेनं दाबल्या, की त्यांतून साथीचे स्वर निघतात. बोटं चालीत, मनगट साथीत, दोन्ही कोपरं हवेत. चँटरचं टोक मांडीवरच्या चामड्याच्या तुकड्यावर दाबलं, की चाल क्षणभर मुकी होते आणि मागे फक्त तो धरलेला षड्ज उरतो. स्कॉटिश बॅगपाइपला अशी मध्येच गप्प राहायची सोय नाही. शिवाय हवा तोंडातून येत नसल्यामुळे आतली पत्ती कोरडी राहते, म्हणून आवाज मैदानावरचा नाही, घरातला आहे. पाइपर घडायला एकवीस वर्षं लागतात असं तिकडे म्हणतात. सात शिकायची, सात रियाजाची, सात वाजवायची. आपल्याकडच्या गवयांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

ओफ्लिन यांचा जन्म 1945चा, आयर्लंडमधल्या किल्डेअर परगण्यातल्या किल गावचा. वडील शाळामास्तर, फिडल वाजवणारे. आई क्लेअर परगण्यातली, पियानो वाजवणारी. पोरगा लहानपणीच डब्लिनला लिओ राउसम यांच्याकडे पाइप शिकायला जाऊ लागला. पुढे विली क्लॅन्सी आणि शेमस एनिस यांचा सहवास मिळाला. एनिस हे नुसते पाइपर नव्हते. 1940च्या दशकात ते आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगासाठी सायकलवरून गावोगाव हिंडून गाणी टिपून घेत. ओफ्लिन आणि ते काही काळ डब्लिनमध्ये एकाच घरात राहिले. एनिस यांच्या वडिलांना लंडनच्या एका गहाणवटीच्या दुकानात जुन्या पाइपचे सुटे भाग मिळाले होते. त्यातून उभं राहिलेलं ते वाद्य एनिस आयुष्यभर वाजवत राहिले आणि 1982 साली गेले तेव्हा ते ओफ्लिनना देऊन गेले. आपल्याकडे गुरूचा तानपुरा शिष्याच्या घरी येतो, तसंच हे.

हे सगळं सांगायचं कारण असं, की पुढे ओफ्लिन ज्या ज्या माणसाबरोबर वाजवायला बसले, त्या प्रत्येक बैठकीत राउसम, क्लॅन्सी आणि एनिस त्यांच्या बोटांत होते. 1972 साली क्रिस्टी मूर, डोनल लनी आणि अँडी अर्व्हाइन यांच्याबरोबर त्यांनी ‘प्लँक्स्टी’ हा चमू उभा केला. गिटार, बुझुकी, मँडोलिन आणि पाइप असा मेळ. तरुण पोरं रॉकच्या मैफलीला जावं तशी त्यांना ऐकायला गर्दी करू लागली. गायिका केट बुश यांच्या 1980च्या दशकातल्या गाण्यांतही ओफ्लिन यांचे पाइप आहेत.

पण माझा जीव अडकलाय तो संगीतकार शॉन डेव्ही यांच्या ‘द ब्रेंडन व्हॉयेज’मध्ये. त्यामागची गोष्ट अशी. सहाव्या शतकातले संत ब्रेंडन चामड्याच्या होडीतून अटलांटिक ओलांडून गेले अशी जुनी कथा आहे. टिम सेव्हरिन नावाच्या साहसी माणसाला वाटलं, हे खरंच जमतं का बघावं. त्यांनी अ‍ॅश लाकडाच्या सांगाड्यावर बैलांची 49 कातडी शिवून होडी बांधली आणि 1976च्या मे महिन्यात आयर्लंडमधल्या केरीच्या किनाऱ्यावरून ती पाण्यात लोटली. हिवाळ्यात आइसलँडला मुक्काम केला आणि 1977च्या जूनमध्ये न्यूफाउंडलंड गाठलं. शेवटच्या टप्प्यात तरंगत्या बर्फानं कातडं फाटलं. तेव्हा त्या गोठवणाऱ्या पाण्यावर ओणवं होऊन बाहेरून चामड्याचं ठिगळ शिवलं, तेव्हा कुठे होडी तगली.

डेव्हींनी या प्रवासावर 1980 साली पाइप आणि ऑर्केस्ट्रासाठी रचना केली. ऑर्केस्ट्रा म्हणजे समुद्र, पाइप म्हणजे होडी. चामड्याच्या पिशवीतून येणारा सूर चामड्याच्या होडीला दिला, हे ज्यांना सुचलं त्यांना मी मनोमन नमस्कार करतो. आमच्या पेटीचा भाता फुसफुसायला लागला, की आजोबा जुन्या चपलेचा पातळ तुकडा कापून सरसानं चिकटवत आणि कान लावून ऐकत. ते ठिगळ धरलं, की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते मला ही रचना ऐकताना दरवेळी आठवतं.

ऑर्केस्ट्राबरोबर पाइप वाजवणं सोपं नाही. तिकडे सगळं कागदावर लिहिलेलं, इकडे सगळं कानावरून आलेलं. तिकडे शंभर वाद्यं पाहिजे त्या पट्टीत जातात, इकडे तीन नळ्यांनी एक स्वर धरलेला असतो आणि तो सोडवत नाही. वेताची पत्ती तर हवामानाच्या मर्जीवर, सभागृह तापलं की सूर हलला. ओफ्लिन यांनी यातून मार्ग काढला तो वाद्याचा स्वभाव न बदलता. लाटा कितीही उसळल्या, तरी त्यांची चाल एखाद्या जुन्या गावातल्या घरात वाजत असल्यासारखी निवांत आणि ठाम राहते. ऑर्केस्ट्रानं होडीला उचलावं, बुडवू नये, एवढं भान डेव्हींनीही ठेवलंय. दोघांनी पुढेही बरंच काम एकत्र केलं.

आता पुन्हा ‘कॅल’कडे. पॅट ओकॉनर यांचा हा 1984चा चित्रपट बर्नार्ड मॅक्लॅव्हर्टी यांच्या कादंबरीवर आहे. उत्तर आयर्लंडमधला, पेटलेल्या दिवसांतला. एका पोलिसाच्या खुनाच्या वेळी गाडी चालवणारा तरुण पुढे त्याच पोलिसाच्या विधवेच्या प्रेमात पडतो. ती भूमिका करणाऱ्या हेलन मिरेनना कान महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. या गोष्टीत बोलता येण्यासारखं फार थोडं आहे. तो तिला काय सांगणार? नॉफ्लर यांनी हे ओळखून संगीत अगदी मोजकं ठेवलं आणि जिथे पात्रांचा कंठ दाटतो तिथे पाइपला जागा दिली. ओफ्लिन तिथे रडत नाहीत. ते स्वर लावतात, थोडा वाकवतात, चँटर मांडीवर टेकून थांबतात. त्या थांबण्यात सगळं आहे.

हा आवाज तुम्ही कदाचित ऐकलाही असेल. जेम्स हॉर्नर यांच्या ‘ब्रेव्हहार्ट’ आणि ‘टायटॅनिक’च्या संगीतात इलन पाइप्स आहेत. ते एरिक रिगलर यांनी वाजवले आहेत, आणि छान वाजवले आहेत. तरी मला त्या संगीताबद्दल एक तक्रार आहे. ‘ब्रेव्हहार्ट’ची गोष्ट स्कॉटलंडची, वाद्य आयर्लंडचं. तिथे पाइप हे हळवेपणाचं तयार मिश्रण म्हणून येतात, डोळे ओले करायचे की ओतले. त्याच्या कितीतरी आधी, 1975च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये स्टॅन्ली कुब्रिक यांनी ‘द चीफटन्स’ या आयरिश चमूला बोलावलं होतं. त्यांचे म्होरके पॅडी मलोनी हेही राउसम यांचेच शिष्य. तिथे ऐकू येणारी शॉन ओ रिआदा यांची ‘विमेन ऑफ आयर्लंड’ची चाल मला आजही अस्वस्थ करते, कारण ती कुणाला रडवायला आलेली नाही. वाद्याला त्याच्या गावासकट बोलावलं तर ते जे देतं, ते नुसत्या आवाजाला बोलावून मिळत नाही.

शेमस हीनींनी वाद्याला गावासकटच बोलावलं. कवी आणि पाइपर हे दोघं अनेक वर्षं एकत्र कार्यक्रम करत. हीनी कविता वाचत, ओफ्लिन वाजवत. पार्श्वसंगीत म्हणून नाही. कविता संपायची, मग चाल सुरू व्हायची. 1969च्या संग्रहात हीनींची ‘द गिव्हन नोट’ नावाची कविता आहे. पश्चिमेकडच्या ब्लास्केट बेटांवर एका फिडलवाल्याला रात्रीच्या वाऱ्यातून एक चाल मिळाली, तिच्याविषयीची. परीलोकातून आलेली म्हणून ओळखली जाणारी ती चाल आजही वाजते, पाइपर तिच्यावर जीव टाकतात. ओफ्लिन यांनी 1995च्या आपल्या अल्बमला याच कवितेचं नाव दिलं. त्याच वर्षी हीनींना नोबेल मिळालं. 2003 साली दोघांच्या वाचन-वादनाचा अल्बम निघाला, ‘द पोएट अँड द पाइपर’. तो मी रात्री दिवे मालवून ऐकतो. हीनींच्या आवाजात मातीचा ओलावा आहे. त्यांचा शेवटचा शब्द खोलीत विरेपर्यंत ओफ्लिन हवा धरून ठेवतात.

2017 साली युनेस्कोनं इलन पाइप्सच्या वादनाला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पुढच्याच वर्षी, 14 मार्च 2018ला, ओफ्लिन गेले.

त्याआधी, 2013च्या सप्टेंबरमध्ये, डब्लिनच्या डॉनीब्रुकमधल्या चर्चमध्ये हीनींना निरोप द्यायला माणसं जमली होती. ओफ्लिन पाइप घेऊन आले, भाता कोपराखाली घेतला. इतकी वर्षं आधी कविता आणि मग चाल असा क्रम होता. त्या दिवशी त्यांनी एकट्यानंच वाजवलं.