पोरांच्या पोटाकडे बोट

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा शेजारी फराळाचे ताट असेल, म्हणून आरंभीच सांगून टाकतो, की चकली-करंजीशी माझे भांडण नाही. वर्षातून चार दिवस तळलेले खाऊन कोणाचे पोर बिघडल्याचे मी पाहिलेले नाही. माझे भांडण आहे ते त्या ताटाभोवती बसणाऱ्या वडीलधाऱ्यांशी. दिवाळीला पाहुणे जमतात, मुले येऊन पाया पडतात, आणि तेवढ्यात कोणी काका, कोणी मावशी तेरा वर्षांच्या मुलाला म्हणते, "काय रे, किती सुटलास! तुला करंजी बंद बरं का." सगळे हसतात. मुलगाही हसतो, त्याला हसावेच लागते. हात मात्र ताटातून मागे जातो. करंजी केली घरच्यांनी, ताट पुढे ठेवले घरच्यांनी, आणि गुन्हेगार कोण, तर खाणारे पोर!

हा न्याय मला मान्य नाही. तसे म्हणण्याचा अधिकार मला किती, हा प्रश्न वेगळा. कारण हाच न्याय मी स्वतः वर्गात केलेला आहे.

मी नाशकात चित्रकला शिकवतो. शिक्षण दहावीपर्यंतचे, जुन्या भाषेत मॅट्रिक. पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. चित्रकलेच्या मास्तराकडे शाळेतले कोणतेही काम सोपवता येते असा एक समज आहे, त्यामुळे काही वर्षांपूर्वी आरोग्य-तपासणीच्या दिवशी वजने नोंदवण्याचे काम माझ्याकडे आले. मुले रांगेने काट्यावर चढत होती, मी आकडा मोठ्याने पुकारत होतो, वर्गप्रमुख वहीत लिहीत होता. आठवीतला एक मुलगा चढला. काटा बासष्टावर गेला. मी आकडा पुकारला आणि वर, वर्गाला हसवावे म्हणून, म्हणालो, "अरे, काटा शाळेचा आहे, जरा जपून!" वर्ग खदखदून हसला. सर मोठे विनोदी आहेत, ही माझी ख्याती त्या दिवशी आणखी वाढली.

संक्रांतीनंतर एका सकाळी तो मुलगा प्रार्थनेच्या रांगेत कोसळला. आईला बोलावले. ती म्हणाली, सकाळी काही खात नाही, पण डबा रिकामा येतो. डबा रिकामा येत होता, कारण तो मित्रांना वाटून टाकत होता. मग संध्याकाळी भूक अनावर झाली, की क्लासच्या दारातल्या गाडीवर, कोणी ओळखीचे नाही असे पाहून, दोन-दोन वडापाव एकदम खात होता. वजन तसूभर उतरले नव्हते. त्याच महिन्यात मी वर्गाला 'मधली सुट्टी' हा विषय चित्रासाठी दिला होता. त्याच्या चित्रात अवघा वर्ग होता. तो स्वतः नव्हता. मी विचारले, तर म्हणाला, "सर, चित्र मी काढतोय ना, म्हणून मी दिसत नाही." उत्तर हुशारीचे होते. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

वाढत्या वयात वजनाचा नुसता आकडा काही सांगत नाही. तो उंचीशी आणि वयाशी ताडून पाहावा लागतो, आणि ते काम डॉक्टरचे आहे. मास्तराचे नाही, मावशीचे तर नाहीच नाही. चिडवल्याने मूल सडपातळ होत नाही. चोरून खाऊ लागते, किंवा खाणेच टाकते, किंवा आळीपाळीने दोन्ही करते. हे आता वैद्यकशास्त्रही सांगते. मला ते शास्त्राच्या आधी एका पोराने शिकवले, आणि त्याची फी त्यानेच भरली.

याचा अर्थ प्रश्नच खोटा आहे असा नव्हे. युनिसेफच्या सप्टेंबर २०२५ च्या अहवालानुसार जगातल्या शाळकरी वयाच्या मुलांत कमी वजनाच्या मुलांपेक्षा लठ्ठ मुलांचे प्रमाण प्रथमच अधिक झाले: एकीकडे ९.२ टक्के, दुसरीकडे ९.४. आपल्याकडचे चित्र दुहेरी आहे. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात केलेल्या पोषण-पाहणीत दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांपैकी २४ टक्के वयाच्या मानाने कृश आढळली, तर सुमारे ५ टक्के प्रमाणाबाहेर वजनाची. आणि दर दहांतल्या एकाच्या रक्तात मधुमेहाच्या आधीची पायरी दिसली. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील जादा वजनाची मुले २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती ४.१ टक्के झाली. त्याच पाहणीत वयाच्या मानाने उंची खुंटलेली मुले ३५.२ टक्के होती. एकाच राज्याची ही दोन पोरे आहेत.

येथे कोणी म्हातारे गृहस्थ म्हणतील, "आमच्या वेळी असले काही नव्हते. आम्ही भाकरी खात होतो, गंगेत पोहत होतो." खरे आहे. पण त्या वेळची मुले सडपातळ होती ती सद्गुणामुळे नव्हे. बहुतेकांच्या घरी दुसरे काही नव्हते म्हणून. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी रांगेत उभे राहून सुकडी घेतली आणि अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची भाकरी गिळली, त्यांना विचारा, ते त्या दिवसांना आरोग्याचे दिवस म्हणतात काय! गरिबीला पथ्याचे नाव देऊ नये. आणि आजच्या पोराच्या खाण्याला हावरेपणाचे नाव देण्याआधी त्याचा दिवस एकदा डोळ्यांखालून घालावा.

सकाळी साडेसहाला ते व्हॅनमध्ये कोंबले जाते. उठल्यापासून तेवढ्या वेळात पोटात जाते ते चहा-बिस्कीट. मधली सुट्टी पंधरा-वीस मिनिटांची. त्यात डबा, पाणी, लघवी आणि भांडण एवढे सगळे उरकायचे. दुपारी घरी जेवण, की लगेच कॉलेज रोडचा नाहीतर आणखी कोठला क्लास. एका क्लासहून दुसऱ्या क्लासला जाताना जे मिळेल ते खायचे, आणि मिळते काय, तर वडापाव, नूडल्स, पाच-दहा रुपयांचे पाकीट. रात्री साडेआठला घरी. खेळायला वेळ नाही. वेळ मिळाला तर जागा नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेला मैदान हवे असे अनुसूचीत लिहून ठेवले आहे. जेथे ते आहे, तेथेही परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला जातो. चित्रकलेचा तास आणि खेळाचा तास हे शाळेतले दोन अनाथ. कोणीही यावे आणि उचलून न्यावे. बारा तास बसवलेल्या पोराला अखेर आपण विचारतो, तू एवढा जाड कसा झालास?

"आईला वेळ नाही म्हणून हे होते," हे दुसरे ठरलेले वाक्य. अंबड-सातपूरच्या कारखान्यात पाळी करून येणाऱ्या बाईला हे ऐकवताना आपल्याला लाज वाटली पाहिजे. बापाला पोळी लाटता येऊ नये असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

आता सरकारकडे वळू. नियमांची टंचाई नाही. मे २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांच्या उपाहारगृहांतून अति चरबी, अति मीठ आणि अति साखरेचे पदार्थ हद्दपार करण्याचा निर्णय काढला. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०२० चे नियम १ जुलै २०२१ पासून लागू झाले. त्यांनुसार असले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरांच्या आत विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. मी एकदा आमच्या फाटकापासून पावले मोजली. पन्नास मीटर म्हणजे माझी सत्तर पावले. तेवढ्या अंतरात पाकिटांच्या माळा टांगलेली तीन दुकाने लागली. मधूनमधून महापालिकेची गाडी येते, नाही असे नाही. ती उचलते कोणाला? बोरे, चिंचा, पेरू आणि उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या बाईची टोपली! त्या टोपलीला गाळा नाही, परवाना नाही, आणि तिची जाहिरात करायला कोणी क्रिकेटवीर नाही.

शाळाही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. मे २०२५ मध्ये केंद्रीय परीक्षा मंडळाने आपल्या शाळांना 'साखर फलक' लावण्यास सांगितले. आमची शाळा त्या मंडळाची नव्हे, तरी कल्पना चांगली म्हणून आम्हीही फलक केला. रंगवला अर्थातच मी. तीनशे मिलिलिटर कोलात सात-आठ चमचे साखर, असे चमचे ओळीने काढले. आणि पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर, त्याच फलकाखाली उभे राहून, आम्ही मुलांना गोळ्या आणि क्रीमची बिस्किटे वाटली! एका पाचवीतल्या मुलीने फलकाकडे पाहिले, बिस्किटाकडे पाहिले, आणि माझ्याकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहिले.

पण सर्वांत मोठा ढोंगीपणा पाहायचा असेल तर नाशिक शहर सोडून पश्चिमेला पेठ-सुरगाण्याकडे जावे. हा नागलीचा मुलूख. शंभर ग्रॅम नागलीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तांदूळ आणि गहू तिच्या आसपासही नाहीत. याच डोंगरपट्ट्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक घेऊन आली. ती धावली म्हणून पाड्यावरचे प्रत्येक मूल धडधाकट आहे असे मात्र समजू नये. उंची खुंटलेली पोरे याच पट्ट्यात दारोदार आहेत. आज नागली चकचकीत डब्यांत भरून शहरातल्या दुकानी चढ्या भावाने विकली जाते, आणि पाड्यावरच्या टपरीत पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लोंबतात. शहरातले जाडे पोर आणि पाड्यावरचे वाळके पोर एकच पाकीट फोडून खाते. फरक एवढाच, की एकाच्या पोटात ते जेवणावर पडते आणि दुसऱ्याच्या पोटात जेवणाऐवजी.

या वाळक्या पोराला सरकारी शाळेत दुपारचे जेवण मिळते. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी त्याचे माप ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने असे ठरलेले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने त्याला आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरवले. अंडे न खाणाऱ्याला केळे. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने, म्हणजे त्या दिवसाच्या मापाच्या निम्मी. जानेवारी २०२५ मध्ये या अंड्याचे पैसे शासनाने बंद केले आणि हवे तर लोकसहभागातून द्या असे सांगितले. ज्या पाड्यावर लोकच अर्धपोटी, तेथे लोकसहभाग कोणाचा? आणि त्याच वर्षी, २२ सप्टेंबरपासून, वस्तू व सेवा कराच्या नव्या दरांत बिस्किटे, चॉकलेटे, पाकिटातले फरसाण आणि नूडल्स यांवरचा कर बारा-अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. अंडे एका सरकारने काढले, कर कमी केला तो केंद्र आणि राज्ये मिळून बसतात त्या परिषदेने, हा भेद मला ठाऊक आहे. पोराच्या पोटाला तो ठाऊक नाही. त्याला एवढेच कळते, की अंडे गेले आणि बिस्कीट स्वस्त झाले.

मग करावे काय? मी काही आहारतज्ज्ञ नव्हे, पण जे करायला तज्ज्ञ लागत नाही तेवढे सांगतो. मुलाचे वजन पडद्याआड घ्यावे, आकडा फक्त त्याला, पालकांना आणि डॉक्टरला कळावा. खेळाच्या तासाला हात लावणाऱ्या शिक्षकाला मुख्याध्यापकाने जाब विचारावा, मग त्याच्या विषयाचा निकाल कितीही लागो. मधली सुट्टी अर्ध्या तासाची करावी आणि मास्तरांनी मुलांबरोबर बसून तोच भाजी-भाकरीचा डबा खावा. फाटकापासून पन्नास मीटरांच्या नियमाची अंमलबजावणी पाकिटांच्या माळांवर करावी, शेंगांच्या टोपलीवर नव्हे. पाड्यावरच्या पोराचे अंडे परत करावे. आणि घरात जाड्या मुलासाठी वेगळे पथ्याचे ताट वाढू नये. जे त्याने खाऊ नये, ते घरात कोणासाठीच रोज आणू नये. बापाने आधी आपली कोलाची बाटली फ्रिजमधून काढावी, मग मुलाला उपदेश करावा.

यांतले एकही काम मुलाचे नाही, हे लक्षात घ्या. सगळी आपली आहेत. म्हणूनच आपण ती करत नाही आणि पोराच्या पोटाकडे बोट दाखवून मोकळे होतो.

तो मुलगा शाळा सोडून गेला तेव्हा मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या सर, सगळेच म्हणतात." त्याने मला क्षमा केली असे मला वाटत नाही; त्याने मला 'सगळ्यांत' धरले. या दिवाळीत तुमच्या ताटाशी असे एखादे पोर बसेल. त्याने दुसरी करंजी उचलली तर उचलू द्या. त्या 'सगळ्यां'तून एक माणूस तरी कमी होऊ द्या.