सायकल आहे, फावडं कुठंय?

रविवारी पहाटे डोंबिवलीहून निघणाऱ्या आमच्या घोळक्यात सगळ्यात स्वस्त सायकल माझी, आणि तीही ४० हजारांची. सस्पेन्शन आहे, हायड्रॉलिक ब्रेक आहेत, हेल्मेटवर कॅमेरे आहेत. फावडं मात्र एकाकडेही नाही. माझं म्हणणं साधं आहे: ज्याने आयुष्यात एकदाही घमेलं उचललेलं नाही, त्याने ‘ट्रेल खराब झालाय’ अशी तक्रार करू नये.

मलंगगडाच्या पायथ्याच्या ज्या वाटांना आपण ट्रेल म्हणतो, त्या आपण पाडलेल्या नाहीत. त्या ठाकूर-कातकऱ्यांच्या पायांनी आणि गुरांच्या खुरांनी पडल्या. आपण त्यांना स्ट्राव्हावर इंग्रजी नावं दिली, एवढंच आपलं योगदान. नाही, आणखी एक आहे. ओल्या मातीत आपलं चाक चर पाडतं. या भागात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. तो त्या चरातून धावतो आणि चराची घळ होते. मग चिखल चुकवायला प्रत्येक जण कडेकडेने जातो आणि फूटभर पायवाट बैलगाडीच्या रस्त्याएवढी रुंद होते.

अशाच एका घळीपाशी गवताचा भारा डोक्यावर घेतलेले एक आजोबा भेटले. म्हणाले, “तुमची मजा होते, पाय आमचा घसरतो.” त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं, पुढच्या रविवारी राइड नको, वाट नीट करू. २९ अंगठे आले. प्रत्यक्षात आलो तिघं. जागा गावची होती. गावाला विचारलं आणि टिकावही तिथूनच मागून घेतला.

काम अवघड नाही. पाण्याला वाटेवर रेंगाळू द्यायचं नाही, एवढंच. वाटेला दरीच्या बाजूला किंचित कल द्यायचा, मध्ये मध्ये तिरपे दगड पुरायचे. ट्रेल बांधणारे जगभर एक नियम सांगतात: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. नाहीतर पाणी वाट ओलांडून न जाता वाटेनेच खाली धावतं.

‘हे काम वनखात्याचं, आपण कर भरतो’ हे उत्तर ठरलेलं. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, परवानगीशिवाय दगड हलवायचा नाही, आणि ते योग्यच आहे. पण तिथे चोरून सायकल घालणाऱ्यांनीच खात्याच्या नावाने बोटं मोडावीत, हा विनोद आहे. उद्यानाबाहेरच्या वनजमिनीसाठी खात्याकडे संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांची सोय आहे. तिच्यामार्फत ठरलेली वाट, ठरलेले दिवस आणि ठरलेले हात असं मागता येईल. खात्यानेही सरसकट बंदी किंवा सरसकट डोळेझाक यापलीकडे काही करून पाहावं. पण मागणाऱ्याने आधी काम दाखवायला नको का?

माझ्या धंद्यात हे दुखणं जुनं आहे. २०१४ साली हार्टब्लीडचा दोष सापडला तेव्हा कळलं, की इंटरनेटचा मोठा भाग ज्या ओपनएसएसएलवर उभा होता, ते मूठभर माणसं सांभाळत होती. वापरणारे कोट्यवधी होते. आपल्या ग्रुपचं प्रमाण फार वेगळं नाही. उलट, गडावरची टाकी साफ करायला जाणारी पोरं याच कल्याण-कसारा लोकलने जातात. त्यांना कुणी बोलावत नाही आणि परतीच्या गाडीत त्यांच्या नखांत माती असते.

म्हणून दोनच गोष्टी सांगतो. जून ते सप्टेंबर ओल्या वाटेवर चाक घालू नका; याला ना पैसे लागतात ना परवानगी. आणि दर चार राइडमागे एक रविवार फावड्याला द्या.

आम्ही पुरलेल्या तीन दगडांच्या रांगांपैकी दोन पावसात टिकल्या. तिसरी वाहून गेली. ती पुन्हा बसवायची आहे. आम्ही अजून तिघंच आहोत.